नाण्यावरील दुहेरी छाप : दोष ठशाचा की यंत्राचा?

नाण्यावरील अक्षरे दुहेरी दिसली, की तो ठशाचाच दोष मानण्याकडे संग्राहकांची प्रवृत्ती असते. परंतु या दुहेरीपणाची कारणे एकाहून अधिक आहेत. नाणे हे इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाचे, तर त्यावरील खूण टाकसाळीतील कोणत्या टप्प्यावर उमटली, हे प्रथम ठरविले पाहिजे.

आधुनिक टाकसाळीत प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे कोरला जात नाही. उठावाचे चित्र असलेला ‘हब’ पोलादावर दाबून ठशात खोलगट प्रतिमा उमटविली जाते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत हा दाब सामान्यतः एकाहून अधिक वेळा द्यावा लागे; मधल्या काळात ठसा तापवून मऊ करीत. दुसऱ्या वेळी हब पहिल्या प्रतिमेवर तंतोतंत बसला नाही, तर ठशातच दोन प्रतिमा राहत. फिलाडेल्फिया येथे १९५५ साली पाडलेले लिंकनच्या मुखवट्याचे एक सेंटचे नाणे हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या दर्शनी बाजूवरील साल व अक्षरे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. मागील बाजू मात्र निर्दोष आहे. अशी सुमारे २०,००० ते २४,००० नाणी चलनात गेली असावीत, असा अंदाज आहे.

यांत्रिक दुहेरीपणाचे स्वरूप निराळे आहे. येथे ठसा निर्दोष असतो. तो यंत्रात सैल बसलेला असतो इतकेच. आघातानंतर तो किंचित सरकतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षरांची कड चेपून बाजूस लोटतो. त्यामुळे अक्षराच्या कडेला सपाट पायरी तयार होते आणि मूळ अक्षर बारीक होते. याउलट, खऱ्या दुहेरी ठशात दुसरी प्रतिमा पहिलीत भर घालते : अक्षर रुंदावते, दोन्ही प्रतिमांना गोलसर उठाव असतो आणि अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते.

सॅन फ्रान्सिस्को येथील १९६९ च्या सेंटवरून आणखी एक कसोटी मिळते. त्या काळी टाकसाळीची ‘एस’ ही खूण हब दाबून झाल्यावर ठशावर वेगळी ठोकीत. म्हणून त्या वर्षीच्या खऱ्या दुहेरी ठशाच्या नाण्यावर साल व अक्षरे दुहेरी असली, तरी ‘एस’ एकेरीच असतो. सालाबरोबर ‘एस’ही त्याच दिशेने सरकलेला दिसला, तर यांत्रिक दोषाचा संशय घ्यावा. हा विवेक क्षुल्लक नव्हे. यांपैकी काही अस्सल नाणी प्रारंभी बनावट समजून सरकारी यंत्रणेने जप्त केली होती.

तिसरे कारण ठशाच्या झिजेचे. १९५५ च्याच काही सेंटांवर सालातील शेवटचा ५ दुहेरी भासतो. तो झिजलेल्या ठशाचा परिणाम होय. ही नाणी ‘गरिबाचा दुहेरी ठसा’ या नावाने विकली गेली, परंतु त्यांचा प्रसिद्ध नाण्याशी सालापलीकडे काहीही संबंध नाही.

मुद्रणातही हाच भेद आढळतो. खिळ्यांच्या जुळणीतील चूक त्या जुळणीच्या प्रत्येक प्रतीत उतरते. छापताना कागद सरकला, तर तीच प्रत बिघडते. दुहेरी ठशाचे प्रत्येक नाणे एकाच मूळ ठशाची साक्ष देते, आणि दुसऱ्या नाण्याशी ताडून ती तपासता येते. यांत्रिक दोषाचे नाणे केवळ आपल्या एका आघाताची हकीकत सांगते. अभ्यासकाने प्रथम पाहावयाचे ते हेच, की ही साक्ष ठशाची आहे की आघाताची; नाण्याच्या मूल्याचा विचार त्यानंतरचा.