शहराचा कर, गावाचे काम: रोजगार हमीमागील सर्वपक्षीय सहमती

पुण्याच्या ईशान्येस, आळंदी रस्त्यावर वसलेल्या विश्रांतवाडीचे ग्रामीण महाराष्ट्राशी असलेले नाते ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीमार्गामुळे आणि पोटापाण्यासाठी शहरात आलेल्या कुटुंबांमुळे सर्वांना परिचित आहे; त्याच्या तुलनेत करव्यवस्थेतून जुळलेले आणि विधिमंडळातील विरोधी पक्षांच्याही संमतीतून टिकलेले तिसरे नाते फारसे ध्यानात घेतले जात नाही. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने लागू झाला तो मुख्यतः ग्रामीण रोजगार हमी योजनेचा खर्च भागविण्यासाठी. बिगरनिवासी मिळकतींच्या महापालिकेच्या बिलात दिसणारा रोजगार हमी उपकरही त्याच हेतूचा आहे. दिघी-कळस परिसरातील संरक्षण आस्थापनांमधील मुलकी कर्मचारी व्यवसाय कर भरतात, तर सेनादलांतील जवानांना त्यातून सूट आहे, त्यामुळे एकाच वस्तीतील दोन शेजाऱ्यांपैकी एक या योजनेचा वर्गणीदार ठरतो आणि दुसरा ठरत नाही. काम मागण्याचा हक्क मात्र दोघांनाही नाही, कारण ही हमी ग्रामीण भागापुरती आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या हद्दीपुरतीच दिलेली होती.

या योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते, आणि सभापतीने पक्षीय वादापासून अलिप्त राहावे अशी अपेक्षा असल्यामुळे त्यांनी मांडलेली कल्पना सत्ताधाऱ्यांची म्हणून नाकारणे विरोधकांना सोपे नव्हते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या कामांतून पुढे १९७२ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्यव्यापी योजना जाहीर झाली. परंतु त्याच सुमारास दुष्काळाने उग्र रूप धारण केल्याने ती बाजूला ठेवून टंचाईची कामे काढावी लागली, आणि मे १९७३ मध्ये अशा कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, लाल निशाण आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी या मजुरांना संघटित करून वेळेवर व पुरेशा मजुरीची मागणी लावून धरली. विचारांच्या पातळीवर पुण्याचाही वाटा होता: गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात सार्वजनिक कामांद्वारे रोजगार देण्याचा आग्रह धरला होता.

या सहमतीला निव्वळ सद्भावनेचे फळ समजणे भाबडेपणाचे होईल. डाव्या पक्षांना कामाचा हक्क हवा होता, बागायतदारांच्या प्रतिनिधींना आपल्या भागात रस्ते व तलाव हवे होते, आणि शहरांच्या प्रतिनिधींना दुष्काळी लोंढे थांबावेत असे वाटत होते. हे तिन्ही हेतू एकाच कायद्यात सामावले गेले. १९७७ मध्ये, वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत, दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ रोजी कायदा अंमलात आला तेव्हा ते सरकार पडून शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे जनता पक्ष व शेतकरी कामगार पक्ष यांचाही सहभाग असलेल्या आघाडीचे सरकार आले होते, तरीही धोरणात खंड पडला नाही. ज्या वर्षांत राज्याचे राजकारण फोडाफोडीने ढवळून निघाले त्याच वर्षांत हे घडले, ही गोष्ट या इतिहासात सर्वांत लक्षणीय आहे.

कायद्यानुसार अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला १५ दिवसांत काम देणे, ते न दिल्यास बेकारी भत्ता देणे, हे शासनाचे दायित्व ठरले. करांतून जमा होणाऱ्या रकमेइतकीच रक्कम शासनाने स्वतः रोजगार हमी निधीत घालावी, अशी तरतूद होती. अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहे. विधानसभा व विधान परिषदेतील निरनिराळ्या पक्षांच्या आमदारांची ही संयुक्त समिती जिल्ह्यांत जाऊन कामे पाहते, अधिकाऱ्यांची साक्ष घेते आणि सभागृहांना अहवाल सादर करते. हजेरीपटावरील खोटी नावे हा तिच्यापुढील जुना प्रश्न.

कामांमध्ये मृद व जलसंधारणाला, म्हणजे माती वाहून जाऊ न देणे आणि पाणी जागीच मुरविणे याला, मोठे स्थान मिळाले. ओढ्यावर मातीचा बांध घालून अडविलेले पाणी कालव्याने न नेता जमिनीत जिरविणारा पाझर तलाव हे त्यांपैकी प्रमुख काम होते. मात्र पाझराचे पाणी ज्यांच्या विहिरीत उतरे ते बहुधा जमीनदार शेतकरी असत, आणि बांधावर माती टाकणाऱ्या भूमिहीन स्त्रीच्या हाती मजुरीखेरीज काही उरत नसे. पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे पाणीवाटप करून त्यात भूमिहीनांनाही वाटा दिला. सर्वपक्षीय कायद्याने या प्रश्नाला हात घातला नव्हता, आणि कदाचित हात घातला असता तर एकमत झालेच नसते.

संसदेतही लोकसभा अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांच्या काळात, २००५ मध्ये, जलसंधारणावर खासदारांचा सर्वपक्षीय मंच स्थापन झाला, पण असे मंच चर्चा व प्रबोधनापुरते असतात, त्यांच्या हाती निधी नसतो. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयकाची छाननी करणाऱ्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष विरोधी बाकांवरील कल्याणसिंह होते, आणि समितीने हमी केवळ दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती न ठेवता सर्व ग्रामीण कुटुंबांना द्यावी अशी शिफारस केली, ती कायद्यात उतरली. केंद्राची हमी दर कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची होती, तर महाराष्ट्राची व्यक्तिगणिक आणि दिवसांच्या मर्यादेविना. पुणे जिल्ह्यात केंद्रीय कायदा २००८ मध्ये, शेवटच्या टप्प्यात, लागू झाल्यानंतरही १०० दिवसांपुढील मजुरीचा भार राज्यानेच उचलावा, अशी व्यवस्था ठेवण्यात आली.