ब्रास, विल्यम

ब्रास, विल्यम : (१९२१–१९९९). जन्ममृत्यूची विश्वसनीय नोंद नसलेल्या देशांत मृत्युदर व जननदर काढण्याच्या अप्रत्यक्ष पद्धती घडविणारे स्कॉटिश लोकसंख्याशास्त्रज्ञ.

जन्म व शिक्षण एडिंबर्ग येथे. १९४८ पासून ते पूर्व आफ्रिकेच्या सांख्यिकी खात्यात होते. तेथे नोंदणीची दप्तरे अपुरी होती आणि लोक वयही अंदाजाने सांगत. त्यांचे पुढचे संशोधन याच अडचणीतून उभे राहिले. १९५५ मध्ये ते ॲबर्डीन विद्यापीठात व १९६५ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये आले.

त्यांच्या मुख्य पद्धतीला दोनच प्रश्न पुरतात : बाईला आजवर किती मुले झाली आणि त्यांतील किती हयात आहेत? २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांच्या मुलांपैकी दगावलेल्यांचे प्रमाण हे मूल दोन वर्षांचे होण्याआधी दगावण्याच्या शक्यतेच्या जवळ जाते. २५ ते २९ वयोगटावरून तीन वर्षांपर्यंतचा, तर ३० ते ३४ वरून पाच वर्षांपर्यंतचा अंदाज मिळतो. उरलेली तफावत गुणकांनी दुरुस्त करतात (पहा : बालमृत्यू, आयुर्मान सारणी).

आई हयात आहे का, या प्रश्नावरून प्रौढांचा मृत्युदर काढण्याची रीतही त्यांनी रुळवली. बहिणींविषयीच्या माहितीवरून मातामृत्यू मोजणारी पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह १९८९ मध्ये मांडली (पहा : मातामृत्यू).

मुख्य पद्धतीची मर्यादा गंभीर आहे. एचआयव्हीने आई व मूल दोघेही गेले, तर उत्तर द्यायला कोणी उरत नाही आणि बालमृत्युदर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

भारतात १९८१ च्या जनगणनेत हे दोन्ही प्रश्न विचारले गेले व त्यांवरून जिल्हावार बालमृत्यूचे अंदाज काढण्यात आले (पहा : जनगणना).