मुख्य काम: घरकाम

पेणमधल्या एखाद्या घरात पोह्याचे पापड लाटायला घेतलेत असं समजा. ताटलीखाली लाट्या झाकलेल्या, अंगणातल्या चटईवर पापड वाळताहेत, धाकटं मांडीवर पेंगतंय. ही बाई काम करते का? प्रश्न खुळचट वाटेल. पण सरकारने तो दहा वर्षांच्या अंतराने दोनदा विचारला आणि दोन निराळी उत्तरं लिहून घेतली.

१९६१च्या जनगणनेच्या चिठ्ठीत घरगुती उद्योगाचा प्रश्न स्वतंत्र होता. असं काम हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून जास्त नेमाने केलं की बाई कामगार. १९७१ला आधी विचारलं, मुख्य काम कोणतं? उत्तर 'घरकाम' आलं की बाई बिगर-कामगारांत. पापड उरले दुय्यम कामापुरते. देशातल्या कामकरी स्त्रियांचं प्रमाण कागदावर २८ टक्क्यांवरून १२-१४ टक्क्यांच्या घरात आलं. एवढ्या बायका दहा वर्षांत हातावर हात ठेवून बसल्या, हे मला पटत नाही. लाटणं तेच होतं, व्याख्या बदलली.

पेण-रोह्याच्या याच मुलखाशी नातं असलेल्या दोघांनी १९५९ साली गृहिणीचा विचार निराळ्या वाटांनी केला होता. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. संस्कृत गीता आईला कळेना, त्यातून 'गीताई' आली, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. पण बायकांसाठी त्यांनी त्या वर्षी पवनारला काढलं ते ब्रह्मविद्या मंदिर, म्हणजे चूल-मूल सोडून जगायची जागा. दुसऱ्या दुर्गाबाई देशमुख. त्यांचे पती चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं, तेव्हा त्या रोह्याच्या सूनबाईच म्हणायच्या. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्त्रीशिक्षण समितीचा अहवालही १९५९चाच. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढ बायकांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम त्यांच्या समाजकल्याण मंडळाने आदल्याच वर्षी सुरू केले होते. पुढे हंसा मेहता समितीने तर माध्यमिकपूर्व वर्गांत गृहशास्त्र मुलग्यांनाही शिकवा म्हटलं. ती शिफारस किती घरांत पोचली, हे वाचकांनी आपापल्या स्वयंपाकघरात डोकावून ठरवावं.

१ जानेवारी १९८१ला पेण आणि रोहा ज्यात येतात त्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच साली झालेल्या जनगणनेत वर्षातले सहा महिनेही काम न मिळणाऱ्यांसाठी नवा वर्ग आला: सीमांतिक कामगार. स्वयंपाक, धुणीभांडी आणि मूल सांभाळणं मात्र त्यातही धरलं गेलं नाही.