राजौरीचा रस्ता आणि घरातली ट्रंक

शूरवीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंदूक रोखलेला जवान येतो. आज आम्ही ज्यांची आठवण काढणार आहोत, त्यांनी नाव कमावलं ते रस्ता मोकळा करून.

रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८ चा, मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून पोराची शाळा कधी एका जागी धड झाली नाही. १९४० साली राणे फौजेत बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, शत्रूनं पेरलेले सुरुंग काढणारे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले.

मग आला एप्रिल १९४८. जम्मू-काश्मीरमधलं राजौरी हल्लेखोरांच्या हाती पडलेलं, तिथल्या लोकांचे हाल चाललेले. नौशेऱ्याहून आपले रणगाडे तिकडं न्यायचे होते, पण वाटेत सुरुंग पेरलेले आणि मोठमोठी झाडं आडवी पाडलेली. ८ एप्रिलला काम सुरू होतंय तोच गोळे येऊन पडले. राण्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली, त्यांत ते स्वतःही होते. तरी ते मागं फिरले नाहीत. असं सांगतात, की ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत पुढं जायचे आणि रणगाड्याला बांधलेल्या दोऱ्या ओढून चालकाला ‘चल’, ‘थांब’ अशी खूण करायचे. वरून गोळ्या, समोर सुरुंग, आणि हाताला घाई करून चालणार नाही! चार दिवस हे चाललं. १२ एप्रिलला राजौरी आपल्या ताब्यात आली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं.

हे सगळं पुस्तकांत आहे. त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज होतं, कारवारला पुतळा आहे, २०२३ साली अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव दिलं.

पण १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले. मधली सव्वीस वर्षं? बहुतेक ठिकाणी एक ओळ सापडते : मागं पत्नी आणि मुलं आहेत. चार दिवसांना चार पानं आणि संसाराला एक ओळ. आम्हाला हे खटकतं. ज्याची स्वतःची शाळा बापाच्या बदल्यांपायी हुकली, तो आपल्या पोरांच्या शाळेकडं कसा बघत असेल, हे त्या घरातली बाईच सांगू शकते.

आपल्याकडंही तेच. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं तर घराघरांतनं माणूस फौजेत गेलाय. मालक सीमेवर, आणि इकडं पेरणी, म्हातारी माणसं, पोरांचा ताप, सगळं बाईच्या अंगावर. गावाला ठाऊक काय, तर फक्त पलटणीचं नाव.

म्हणून म्हणतो, घरातली ती काळी ट्रंक उघडा. आधी कामाचं बघा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा कागद, म्हणजे पीपीओ, बाहेर काढा. त्यात बायकोचं नाव आहे का? आधार कार्डावर आहे तसंच आहे का? माहेरचं एक, सासरचं एक, असं झालं की माणूस गेल्यावर कुटुंब पेन्शन अडकते आणि बाईला हेलपाटे पडतात. दुरुस्ती मालक हयात असतानाच करून घेतलेली सोपी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

कागद झाले की त्यांना शेजारी बसवा आणि विचारा. लढाईचं विचारा, पण सुट्टीवर आल्यावर धाकटी ओळखेना, तेव्हा काय वाटलं, तेही विचारा. आजी असतील तर त्यांना आधी विचारा. लिहून काढा. लिहिता येत नसेल तर आपल्या रेडिओ केंद्रावर घेऊन या, आम्ही आवाज रेकॉर्ड करून घेऊ.