‘निर्मनुष्य’ अरण्यातील नगरे

इ.स. १५४२ मध्ये फ्रान्सिस्को द ओरेयाना या स्पॅनिश सेनानीची तुकडी ॲमेझॉनच्या प्रवाहाबरोबर वाहत अटलांटिक महासागरापर्यंत पोहोचली. तुकडीतील धर्मोपदेशक गास्पार द कार्वाहाल याने नदीकाठच्या दाट वस्त्यांचे आणि रुंद वाटांचे वर्णन लिहून ठेवले. नंतरच्या प्रवाशांना मात्र तेथे घनदाट अरण्य आणि तुरळक पाडे एवढेच दिसले. मधल्या काळात युरोपातून आलेल्या देवीसारख्या साथींनी अमेरिका खंडातील समाज उद्ध्वस्त केले होते. तरीही संशय घेतला गेला तो कार्वाहालच्या सचोटीवर.

विसाव्या शतकात या अविश्वासाला सिद्धांताचे पाठबळ मिळाले. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ बेटी मेगर्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात मांडले, की सततच्या पावसामुळे येथील माती निकस होते आणि अशा मातीवर मोठा, स्थिर समाज पोसला जाणे अशक्य आहे. युक्तिवाद तर्कशुद्ध होता. त्याला छेद देणारा पुरावा मात्र झाडीखाली दडलेला होता. येथील लोकांनी माती आणि लाकूड वापरून बांधकाम केले. लाकूड कुजले, मातीच्या उंचवट्यांवर रान माजले.

लायडार तंत्राने ही अडचण दूर केली. विमानातून दर सेकंदाला लाखो लेसर स्पंद खाली सोडले जातात आणि प्रत्येकाच्या परतीचा वेळ मोजला जातो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर अंतर कापतो. जाणे-येणे धरता, वेळेतील एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरातील १५ सेंटीमीटरचा फरक. लेसर पाने भेदून जातो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक प्रकाश पानांवरूनच परततो. थोडासा पानांमधल्या फटींतून जमिनीला स्पर्शून येतो. संगणकाने पानांवरून आलेले बिंदू वगळले, की उघड्या भूपृष्ठाचा नकाशा उरतो.

एक्वाडोरमधील उपानो खोऱ्यात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ स्तेफेन रोस्तॅं १९९० च्या दशकापासून उत्खनन करत होते. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या लायडार सर्वेक्षणाने त्यांच्या विखुरलेल्या खड्ड्यांना एकत्र जोडणारे चित्र दिले: ६,००० हून अधिक मातीचे चौथरे, किमान १५ वसाहती, निचऱ्याचे चर असलेली शेते आणि त्यांना जोडणारे सरळ रस्ते. जानेवारी २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वस्तीचा काळ इ.स.पूर्व सुमारे ५०० पासून इ.स. ३०० ते ६०० पर्यंतचा. हा काळ मात्र लायडारने सांगितलेला नाही. तो उत्खननातील कार्बन कालमापनातून आला. लेसर आकार दाखवतो, वय सांगत नाही.

उपानोची माती ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेली आहे. त्यामुळे एका खोऱ्यावरून साऱ्या ॲमेझॉनविषयी निर्णय देणे घाईचे ठरेल. म्हणूनच २०२३ चा एक अभ्यास महत्त्वाचा. संशोधकांनी ५,३१५ चौरस किलोमीटरची लायडार माहिती तपासली. म्हणजे या प्रदेशाचा एक दशांश टक्काही नाही. त्यात अज्ञात अशा २४ मातीच्या रचना आढळल्या. त्यावर आधारित प्रारूपाचा अंदाज असा, की १०,००० हून अधिक रचना अद्याप झाडीखाली असाव्यात.

याचे महत्त्व इतिहासापुरते नाही. १९७० च्या दशकात ब्राझीलच्या लष्करी राजवटीने ॲमेझॉनला माणसांविना पडलेली भूमी म्हणवून तेथे महामार्ग काढले आणि वसाहतकार नेले. आदिवासींच्या भूमिहक्कांचे वाद तेथे आजही चालू आहेत, आणि ‘येथे कोणी नव्हतेच’ या दाव्याला हे नकाशे उत्तर देतात. तेच नकाशे लुटारूंना आणि बेकायदा खाणवाल्यांना नेमका पत्ताही देऊ शकतात. म्हणून कोणता तपशील जाहीर करावा, हे ठरवताना त्या अरण्यात आज राहणाऱ्यांचे मत आधी विचारात घेणे हा संशोधनपद्धतीचाच भाग मानावा लागेल.