अंगणवाडीतली वाडी



चैत्र लागला. गुऱ्हाळांची धुराडी थंड झाली. जोतिबाच्या डोंगराकडे सासनकाठ्या निघाल्या आणि बाजारात दवण्याच्या जुड्या आल्या. पन्हाळ्याच्या, राधानगरीच्या वाटेला पळस-पांगारा फुलून गेले, दाजीपूरकडच्या रानात कुसुंबाला तांबडी लुसलुशीत पालवी फुटली. अशा दिवसांत मुलांना घेऊन बाहेर पडावं, त्यांच्या हातांनी चार बिया लावाव्यात, हे सांगायला आम्ही आज बोलतोय. पण त्याआधी एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे, कारण ती गोष्ट आपल्या रोजच्या तोंडातली आहे आणि तिच्यामागं दोन बायकांचं आयुष्य उभं आहे.

शब्द आहे अंगणवाडी. तो ऐकला की आपल्याला वजनकाटा, लस, खाऊ आणि सेविकाताईंची रजिस्टरं आठवतात. पण शब्द नुसता फोडून बघा. अंगण आणि वाडी. वाडी म्हणजे आपल्याकडं चार घरांची वस्ती, तशीच आंब्याची, केळीची, भाजीची बाग. म्हणजे नावातच अंगण आहे आणि बागही आहे. आता आपापल्या गावची अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा. किती ठिकाणी अंगण उरलंय, आणि किती ठिकाणी पेव्हर ब्लॉक?

लहान मुलांच्या शाळेला बागेचं नाव देण्याची कल्पना जर्मनीतली. फ्रोबेल नावाचा शिक्षक होता, तरुणपणी त्यानं जंगलखात्यातल्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी केली होती. ब्लांकेनबुर्ग गावात त्यानं लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० साली तिला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. हे नाव नुसतं शोभेचं नव्हतं. शाळेत खरीच बाग होती. मधे प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि भोवतीनं सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे. स्वतःच्या वाफ्यात काय लावायचं ते मुलानं ठरवायचं. सामाईक वाफ्याची निगा मात्र सगळ्यांनी मिळून करायची. आपल्या बचत गटासारखंच आहे की! आपली वही वेगळी, गटाची वही वेगळी.

गंमत अशी की १८५१ साली प्रशियाच्या सरकारला या मुलांच्या बागेची भीती वाटली आणि त्यांनी तिच्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० साली. तोवर त्याच्याकडं शिकलेल्या बायकांनी ही शाळा देशोदेशी नेलीसुद्धा होती. चार वर्षांच्या पोरांनी वाटाणे लावले तर राज्याला काय धोका, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

आपल्याकडं बघायचं तर शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न घालणाऱ्या आईबापाला दंड लावला. हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण ते शाळेच्या वयाच्या मुलांचं झालं. त्याआधीची, कडेवरची आणि पायांत घोटाळणारी पोरं, त्यांचं काय? ती आईबरोबर रानात जात होती, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. आणि कडेवर भाऊ असलेली बहीण शाळेत कशी जाणार?

या प्रश्नाला हात घातला ताराबाई मोडक यांनी. त्यांचा जन्म १८९२चा. बी.ए. झालेल्या, राजकोटला अध्यापिकांच्या कॉलेजच्या प्रमुख असलेल्या ताराबाई ती नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडं गेल्या. गिजुभाई म्हणजे पेशानं वकील, पण मुलांवर एवढी माया की गुजरातेत लोक त्यांना मिशावाली आई म्हणत. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढं १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. शाळा नावाजली. तिथंच राहिल्या असत्या तरी त्यांचं नाव झालंच असतं. पण मॉन्टेसरी पद्धतीची साधनं महाग, ती शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांना परवडणारी. खेड्यातल्या गरिबाच्या पोराला हे शिक्षण कसं मिळणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यात समुद्राकाठच्या बोर्डी गावाला गेल्या.

त्यांच्याबरोबर गेल्या अनुताई वाघ. यांच्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना त्या जवळच्या वाटतील. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत कपाळ पांढरं झालं. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं ते आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. बोर्डीला गेल्यावर काम करत करत पुढं शिकत राहिल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या. गटातली कुणी चाळिशीची बाई दहावीचा फॉर्म भरायला लाजायला लागली की आम्ही तिला अनुताईंचंच नाव सांगतो.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पोरं येईनात. आईबाप मजुरीला, पोरं उघडी, नाकाला शेंबूड. अशा अवतारात शाळेची पायरी कोण चढणार? तेव्हा या दोघींनी ठरवलं की मुलं शाळेकडं येत नाहीत तर शाळाच मुलांकडं जाईल. बाई वस्तीत जायची, कुणाच्यातरी अंगणात मुलं गोळा करायची, तिथंच हातपाय धुणं, केस विंचरणं, गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून बघायच्या, बघता बघता त्याही शिकायच्या. ती अंगणातली बालवाडी म्हणजे अंगणवाडी. आज देशभर तामिळ, बंगाली, पंजाबी बोलणाऱ्या बाया हा आपला मराठमोळा शब्द वापरतात.

साधनं विकत आणायला पैसा नव्हता आणि त्यांना तो लागलाही नाही. शंखशिंपले, चिंचोके, बिया, पानं, काटक्या, दगडगोटे. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं, लहानमोठं कळायला पानं. हे सगळं देणारं दुकान म्हणजे समोरचं रान. दहाबारा वर्षांनी दोघी जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली आदिवासींच्या पाड्यांमधे. तिथं आणखी एक अडचण समोर आली. पोरं गुरं राखायला जात. गुरं सोडून शाळेत बसा म्हणावं तर घरची चूल थांबते. मग बाई कुरणात गेली. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली शिकताहेत. त्याला नाव पडलं कुरणशाळा. अनुताईंनी आपल्या पुस्तकाचं नावही ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ असंच ठेवलं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, सुरुवातीला देशात ३३ ठिकाणी. ताराबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. योजनेनं अंगणवाडी हे नाव घेतलं. आहार घेतला, लस घेतली, तपासणी घेतली. त्यानं किती पोरं वाचली हे आपण डोळ्यांनी पाहिलंय, त्याला नाव ठेवायची आमची इच्छा नाही. पण अंगण आणि वाडी मात्र वाटेत कुठंतरी सांडली. खोली आली, कुंपण आलं, फरशी आली. सेविकाताईंच्या हातात रजिस्टरं आणि मोबाईल आला. अलीकडं अंगणवाडीत पोषण परसबाग करा असं सरकारच सांगतंय. चांगलंच आहे. फक्त ती बाग फोटोपुरती होऊ नये, आणि तिथं लावणारे हात मुलांचे असावेत.

इथं गटाच्या बैठकीत आम्हाला एक उत्तर हमखास मिळतं. भांगलणीवरून थेट बैठकीला आलेली एखादी मावशी म्हणते, “आम्ही जल्मभर मातीत हात घातलं, आता पोरांनीबी तेच करायचं व्हय? शाळंत घातलंय ते ह्यातनं सुटावं म्हणून.” हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहरातल्या बाईला माती म्हणजे हौस, आपल्याला माती म्हणजे पाठीचा कणा मोडणारी मजुरी. पण कोसबाडला तरी काय वेगळं होतं? तिथल्या पोरांना कष्ट काही नवे नव्हते. कामाला जुंपलेल्या पोराला बाईंनी कुरणात दिलं ते काम नव्हतं, तो त्याचा स्वतःचा वेळ होता. तेच फ्रोबेलच्या वाफ्याचं. त्या वाफ्यातलं पीक कुणी मोजत नव्हतं. मुलानं बी उकरून बघितलं, आलंय का म्हणून, तरी कुणी ओरडत नव्हतं. भांगलण आणि बाग यांत आम्हाला एवढाच फरक दिसतो, आणि तो लहान फरक नाही.

हे फक्त अंगणवाडीपुरतं नाही. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही पुस्तकाबाहेरच्या परिसराला धडा मानूनच. २०२० साली लीलाताई गेल्या, पण आनंदानं शिकायचं हा शब्द इथल्या शिक्षकांच्या तोंडात त्यांनी रुजवला.

आता चैत्रातली कामं. मुलांना सकाळी ऊन चढायच्या आत पांदीनं फिरवून आणा. पळसाची गळलेली फुलं वेचू द्या, पाण्यात उकळली की केशरी रंग निघतो. नुसत्या आवाजावरून किती पाखरं ओळखता येतात ते त्यांनाच मोजू द्या. आम्हालाही सगळी नावं येत नाहीत, पोरांची आजी जास्त सांगते.

लावायचं असेल तर पाण्याचा विचार आधी. चैत्र-वैशाखात हंड्यासाठी रांग लावणाऱ्या गावात बागेला वेगळं पाणी मागणं बरं नाही. न्हाणीचं, भाजी धुतल्याचं, अंगणवाडीत पोरांनी हात धुतल्याचं पाणी जिथं जातं तिथंच वाफा करा. साबणाचं पाणी फार असेल तर तिथं अळू किंवा कर्दळ लावा, ती तग धरतात. अगदी लहान मुलांना मेथी आणि मूग द्या. तीनचार दिवसांत कोंब दिसतो, तेवढाच धीर त्या वयाला असतो. जरा मोठ्यांना भेंडी आणि गवार. भेंडीला दीडेक महिन्यात बोंड येतं. दोडक्याचं, भोपळ्याचं बी रात्रभर भिजवून परड्याच्या कुंपणाकडेला लावलं तर वेल वर चढतो आणि सावलीही होते. वाफ्यावर उसाचं पाचट अंथरा, ओल टिकते. पाचट जाळण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. वाफा प्रत्येक पोराचा वेगळा असू द्या, हातभर असला तरी चालेल. काठीला त्याचं नाव बांधा. जागाच नसेल तर तेलाचा रिकामा डबा, तळाला भोकं पाडून.

थोरल्या बायांकडून बी मागून आणायचं काम पोरांनाच सांगा. राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं घरचं बी अजून बऱ्याच घरांत आहे. ते कुठून आलं, कोणाच्या माहेरचं, हे विचारलं की बी मिळतं आणि गोष्टही मिळते.

मृग निघाल्यावर लिंबोळ्या पिकून पडायला लागतील. त्या पोरांना वेचू द्या, गर धुऊन काढा आणि लगेच पिशव्यांत लावा. लिंबोळी फार दिवस ठेवली तर उगवत नाही.