कुलूप आपलं, किल्ली कुणाकडे?

परवा जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी भेटले. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, शाळेतले जुने संगणक नव्या विंडोजला चालत नाहीत. म्हणाले, "लिनक्स टाकू का?" मी म्हटलं, "जरूर टाका. पण आधी बॅकअप घ्या आणि बायोस बघा."

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

2003 ची गोष्ट. आमच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात एकच असेंबल केलेला संगणक. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी हौसेनं त्यावर लिनक्स टाकलं. सगळं नीट झालं. रीस्टार्ट केला आणि स्क्रीनवर इशारा आला: बूट सेक्टर बदललाय, व्हायरस असू शकतो! संपादकांना घाम फुटला. दुरुस्तीवाल्यानं डिस्क फॉरमॅट करून दिली. दोन वर्षांचे अंक गेले. व्हायरस नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं.

मग तो इशारा कशाचा?

1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. 1992 मध्ये 'मायकेलअँजेलो'नं जगभर धास्ती भरवली. 6 मार्चला तो डिस्कवरचा डेटा पुसायचा. असे व्हायरस डिस्कच्या पहिल्या, 512 बाइटच्या सेक्टरवर ताबा मिळवायचे, कारण संगणक सुरू होताना आधी तेच वाचलं जातं. म्हणून बोर्डवाल्यांनी बायोसमध्येच राखणदार बसवला. त्या सेक्टरला हात लागला की ओरडायचं!

आता गंमत बघा. लिनक्स सुरू करणारा 'लिलो' हा छोटा प्रोग्रामही बहुधा त्याच जागी बसायचा. राखणदाराला एवढंच कळायचं की काहीतरी बदललंय. चोर आलाय की घरमालकानं दार रंगवलंय, हे त्याला कुठून कळणार? उपाय साधा होता. बायोसमध्ये जाऊन 'व्हायरस वॉर्निंग' बंद करायचं. पण ते सांगणारं आमच्या गावात कुणी नव्हतं.

पुढे राखणदार बदलला. 2012 च्या विंडोज 8 पासून नव्या संगणकांत 'सिक्युअर बूट' आलं. आता नुसता बदल बघत नाहीत, सही तपासतात. बहुतेक बोर्डांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच भरलेल्या असतात. त्यामुळे लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजचं एक अपडेट आलं आणि दोन्ही सिस्टिम असलेल्या अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. जुन्या, धोकादायक बूट प्रोग्रामना रोखायला आणलेला नियम सरळ वापरणाऱ्यांनाही आडवा आला.

सुरक्षा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण विंडोज 8 च्या वेळी साध्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करायची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक होतं. विंडोज 10 पासून ते कंपनीच्या मर्जीवर गेलं.

म्हणून शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, कुणीही संगणक घेताना एक प्रश्न विचाराच: यावर उद्या आम्हाला हवी ती सिस्टिम टाकता येईल ना? पैसे आपले आहेत, दाराची किल्लीही आपल्याच हातात हवी.

तुमच्या शाळेतले जुने संगणक सध्या कुठे आहेत? कमेंटमध्ये सांगा.